तेलाचं नातं

याकोव्होस कुर्तेसिस बायकोला पत्र लिहायचा ते कोर्टात अर्ज दाखल केल्यासारखं. वर तारीख, खाली 'वस्तुस्थिती', मग 'कारणे' आणि सगळ्यात शेवटी 'विनंती'. जन्मभर वकिली केली, मधली काही वर्षं खासदारकी. या माणसाला माया करायची तरी कलमं पाडावी लागतात, असं त्याची बायको एव्हान्थिया सगळ्या नाक्सोस बेटाला सांगत फिरायची. आणि तरीही तांडेल लाम्ब्रोसचं गलबत अथेन्सहून आलं की गुडघे धरत का होईना, धक्क्यावर सगळ्यांच्या आधी तीच उभी असायची.

युद्धातल्या भुकेच्या हिवाळ्याने तिची छाती खराब केली, म्हणून ती बेटावर बहिणीकडे राहत होती. याकोव्होस मागे अथेन्सला. जर्मन गेले, गच्च्यांवर झेंडे लागले, लोक रस्त्यात नाचले, तेव्हा त्याने लिहिलं होतं की आता कोर्टं उघडतील, दोन-चार कामं उरकतो आणि येतो. तेव्हापासून दर पत्रात 'विनंती'खाली एकच ओळ असे: पुढच्या गलबताने निघतो, तोवर रागावू नये. एव्हान्थियाने एकदा उलट लिहिलं, "तुझी ही ओळ म्हणजे निवडणुकीत कबूल केलेला पूल. खांब दिसतात, पलीकडे कुणी जात नाही."

नोव्हेंबरात मात्र पत्रांचा सूर बदलला.

"प्रिय एव्हान्थिया, वस्तुस्थिती अशी. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात दोन तट पडले आहेत. खिडकीजवळ डोंगरातून उतरलेल्या लढवय्यांच्या बाजूचे, आत भिंतीजवळ सरकारच्या बाजूचे. मधल्या टेबलावर मी एकटा. मालकाने सोंगट्यांचे पट उचलून ठेवले. म्हणतो, पूर्वी हरणारा पट उधळायचा, आता घरी जाऊन भावाला घेऊन येतो. काल औषधवाला आणि त्याचा सख्खा व्याही समोरासमोर आले आणि साधा नमस्कारही न करता गेले. बंदुका मी पूर्वी पुष्कळ पाहिल्या. माणसं नमस्कार गिळू लागली की मला धडकी भरते. दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे येऊन गेले. एक म्हणाला, तुमच्यासारखा अनुभवी माणूस आम्हाला हवा. दुसराही तेच म्हणाला. पार्लमेंटला कुलूप लागल्यापासून मला कुणी कुत्रं विचारत नव्हतं. आता भाव आला, म्हणजे काळ वाईटच समजायचा."

हे सगळं खरं होतं. पण त्याच्या जिवाला घोर लागला होता तो वेगळाच, आणि तो पोलिक्सेनीचा होता.

पोलिक्सेनी ही याकोव्होसची एकुलती एक धर्मकन्या. एकुलती म्हणायचं, कारण धर्मपुत्र पैशाला पासरी होते. बेटावरच्या प्रत्येक खासदाराचं तसंच असतं. मतदाराच्या घरी पोर झालं की खासदाराने जायचं, बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या अंगाला तेल चोळायचं, कुंडातून त्याला उचलून घ्यायचं. की तो झाला त्या पोराचा धर्मपिता. पोराने त्याला जन्मभर 'नुने' म्हणून हाक मारायची आणि पोराच्या घराने जन्मभर त्यालाच मत द्यायचं. यात अडचण एकच. एका हाताच्या तेलाची मुलं एकमेकांची भावंडं ठरतात, त्यांचं आपसात लग्न होत नाही. म्हणून शहाणा पुढारी नुसते मुलगे घेतो, नाहीतर निम्म्या मतदारसंघाची लग्नं अडायची. याकोव्होस शहाणा होता. एकदाच चुकला.

तो प्रचाराला नावाड्यांच्या वस्तीत गेला होता, एव्हान्थियाही बरोबर होती. वारं असं पिसाळलेलं की शेजारच्या बेटावरून ठरलेला धर्मपिता येऊच शकला नाही. बाळ तापाने काळंनिळं पडलेलं, आई उंबऱ्यात केस सोडून बसलेली. बाळ बिननावाचं जाईल म्हणून वस्तीतला म्हातारा पाद्री घायकुतीला आला. मुलगा की मुलगी, हे याकोव्होसने विचारलंच नाही. कोट काढला, बाह्या सारल्या आणि तेल चोळायला लागला. चोळता चोळता बाळाने एकदम असं भोकाड पसरलं की एव्हान्थिया मटकन खाली बसून आनंदाने रडली. मुलीला त्याने स्वतःच्या आईचं नाव दिलं. विरोधी उमेदवार मेलिसिनोस मात्र पुढे गावोगाव सांगत सुटला की कुर्तेसिसने तापलेल्या बाळावर आपली पोळी भाजून घेतली.

तीच पोलिक्सेनी मोठी होऊन परिचारिकेचं शिकायला अथेन्सला आली आणि त्यांच्याच घरात राहिली. भुकेच्या हिवाळ्यात तिघं एका भांड्यातलं रताळ्याचं पाणी प्यायली. नवरा-बायकोला मूल नव्हतं. धर्मपुत्र नोकरीच्या चिठ्ठीसाठी 'नुने' म्हणत, ही स्वयंपाकघरातून उगीचच हाक मारायची, "नुने, आहात ना?" आणि तो "आहे गं" म्हणाला की पुन्हा गात भांडी घासायची. एवढ्यावर म्हातारा खूष असे.

आणि आता ती समोर उभी होती, शेजारी नाक्सोसचाच स्त्रातिस. याकोव्होसच्याच तेलाचा. दाढी वाढलेली, बाहीवर डोंगरवाल्यांची पट्टी. बंदूक तो खाली रखवालदारणीपाशी ठेवून आला होता, पावसाळी छत्री ठेवावी तशी.

"कधीपासून?" याकोव्होसने विचारलं.

"वसंतापासून," पोलिक्सेनी म्हणाली.

"आणि ठाऊक नव्हतं तुम्हाला? अरे, एका तेलाची तुम्ही!"

"ठाऊक होतं ना. म्हणून तर दर रविवारी कायमचे वेगळे होतो."

"मग?"

"मग बुधवार येतो, नुने."

स्त्रातिस वैतागून म्हणाला, "सगळ्या बेटात तुम्ही पोरंच पोरं घेतलीत, एक पोरगी तेवढी घेतलीत. आणि माझं नशीब बघा, मला नेमकी तीच आवडावी!"

"तुझ्या आवडीला नाव ठेवत नाही मी," म्हातारा म्हणाला. "हे बघ, लाम्ब्रोस मंगळवारी निघतोय. त्या गलबतात बस आणि बेटावर जा. इथे ख्रिसमसच्या आत रक्त सांडणार, हे मी तुला लिहून देतो."

"एकटा? ती इथे हॉस्पिटलात आणि मी तिकडे अंजीर चावत बसू? त्यापेक्षा माझ्या साथीदारांबरोबर राहीन. निदान ती आहे त्या गावात तरी मरेन."

"मी जाईन याच्याबरोबर," पोलिक्सेनी म्हणाली. "पण लग्नाशिवाय उतरले तर बाबा मला धक्क्यावरूनच परत पाठवतील. आणि याला समुद्रात."

याकोव्होस खिडकीशी गेला. रस्त्याच्या टोकाला पोलिसांचं ठाणं होतं, आणि तिथे गणवेशात उभा होता तोही त्याचाच एक धर्मपुत्र, रोज सकाळी "नुने, बरे आहात ना?" विचारणारा. उद्या हा या टोकाला, तो त्या टोकाला. दोघांच्या अंगाला तेल लावलेले हात आपलेच. म्हाताऱ्याला दोन्ही पोरांची दया आली आणि स्वतःची जरा जास्तच.

"पंधरा तारखेला ख्रिसमसचा उपास लागतो," तो म्हणाला. "मग सणापर्यंत लग्न नाही. म्हणजे हा एकच रविवार. बघतो मी काय करता येतं ते."

"काय करणार तुम्ही?" पोलिक्सेनीने विचारलं.

"वकील काय करतो? जातो आणि बोलतो."

पापा-सिदेरिस हा त्या मोहल्ल्यातला पाद्री, मूळचा नाक्सोसचा, आणि मेलिसिनोसचा कट्टर मतदार. मेलिसिनोस मरून काही वर्षं झाली होती; पापाची निष्ठा जिवंत होती. याकोव्होस सकाळी देवळात शिरला तेव्हा तो मेणबत्त्यांची थोटकं वेचत होता.

"पापा, रविवारी एक लग्न लावायचंय."

नावं ऐकताच पापाने टोपली खाली ठेवली. "याकोव्होस, उपासात लोणी मागितलंस तर एक वेळ डोळेझाक करीन. पण एका तेलाच्या दोघांच्या डोक्यावर मी लग्नाचे मुकुट ठेवणार नाही."

"एका तेलाची नाहीत ती."

"सगळं बेट जाणतं..."

"बेटाला मी तसं समजू दिलं." कितीतरी अशिलांच्या वतीने याकोव्होसने बेधडक बोलून टाकलं होतं. आता शब्द ओढून काढावे लागत होते. "त्या दिवशी पोरीला कुंडातून उचललं ते मेलिसिनोसने. तो माझ्याआधी पोचला होता."

पापाच्या भुवया टोपीला टेकल्या. "मेलिसिनोसने? 'तापलेल्या बाळावर पोळी भाजली' म्हणून ज्याने तुझा पाणउतारा केला, त्याने?"

"त्यानेच. नंतर आमचं बिनसलं. पण दिलदार माणूस होता."

"दिलदार! हे तुझ्या तोंडून ऐकायला बिचारा जिवंत हवा होता."

"जिवंत असता तर बोललोच नसतो."

पापाने आतून बायबल आणून पुढे धरलं. "हात ठेव आणि शपथ घेऊन सांग."

याकोव्होसने हात ठेवला. ज्या हाताने तेल लावलं, तोच हात. या पोरीच्या बाप्तिस्म्याशी माझा काही संबंध नाही, असं त्याने स्पष्ट शब्दांत सांगितलं. मनात म्हणाला, देवा, पुढे तुझ्यापुढे हा खटला येईल तेव्हा मी माझी बाजू मांडीन. आज फक्त तारीख दे.

"ठीक," पापा म्हणाला. "रविवारी दुपारी. पण एक ध्यानात ठेव. यापुढे ती पोरगी तुला 'नुने' म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं, इथून येवो की बेटावरून, तर तुझी शपथ खोटी आणि त्यांचं लग्नही खोटं. बिशप एका सहीत मोडून टाकेल."

"सवय मोडेल ती."

"तिची मोडेल. तुझी?"

याकोव्होस बाहेर आला आणि देवळाच्या पायऱ्यांवर बसला. आयुष्यात तो निवडणुका हरला होता, खटले हरला होता. इतकं रितं कधी वाटलं नव्हतं.

पोलिक्सेनीने ऐकलं आणि ताडकन उठली. "मला नको असलं लग्न. तुम्हाला परकं करून मी संसार करू?"

"अगं, दावा जिंकायचा तर काहीतरी सोडावं लागतं."

"तुम्ही तर सगळंच सोडलंत! आणि मी हाक काय मारायची?"

"वकीलसाहेब म्हण. सगळी दुनिया म्हणते."

"दुनियेसाठी भांडी घासली का मी?" असं म्हणून ती रडायला लागली, आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर रडता रडता हसली. रविवारी मात्र तिने एव्हान्थियाचा निळा झगा घातला.

नवरदेवाचा धर्मपिता म्हणून मुकुटांची अदलाबदल करायचा मान याकोव्होसचाच होता. तो तर पापालाही नाकारता येईना. एकाच्या डोक्यावरचा मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर, असं त्याने तीनदा केलं. साखरेचे बदाम कुठून आणणार? एव्हान्थियाने पाठवलेले बेदाणे वाटले.

मंगळवारी मोडक्या बंदराशेजारच्या खाडीत लाम्ब्रोसचं गलबत उभं होतं. लाम्ब्रोसला सगळे ओळखून होते; त्याची बातमी गलबताच्या आधी बेटावर पोचते. तो शिडाच्या दोऱ्या आवळत कान टवकारून उभाच होता. बेटावरची चार माणसंही होती.

"तुम्हीही चला ना," स्त्रातिस म्हणाला. बंदूक त्याने साथीदारांना परत केली होती आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. "साथीदारांना मी तोंड कसं दाखवू नंतर?"

"जिवंत तोंड दाखव, तेवढं बास. मला इथे काम आहे. दोन्हीकडची माझी पोरं तुरुंगात जाणार आहेत, आज ही, उद्या ती. त्यांना वकील लागेल."

पोलिक्सेनी पुढे आली, वाकून त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. ओठ उघडले, लाम्ब्रोसकडे नजर गेली, मिटले.

"येते, वकीलसाहेब," ती म्हणाली.

"सांभाळून जा, बाई," तो म्हणाला आणि टोपी उगीचच सारखी करत राहिला. गलबत भूशिराआड गेलं तरी त्याची टोपी नीट बसेना.

तिच्याजवळ त्याने एव्हान्थियासाठी पत्र दिलं होतं. पहिल्यांदाच त्यात कलमं नव्हती. "एव्हान्थिया, पोरगी तुझ्याकडे येते आहे. आता ती आपली कुणी नाही, असं मी देवासमोर सांगून बसलो आहे. तिला पोटभर जेवू घाल. मला आता घरात शिरवणार नाही."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चौकात गोळ्या सुटल्या आणि म्हाताऱ्याचं भाकीत खरं ठरलं. तसं ठरल्याचा त्याला काडीचा आनंद झाला नाही. महिनाभर त्याच्या रस्त्याचं एक टोक एकाकडे, दुसरं दुसऱ्याकडे. कॉफीच्या दुकानाची तिन्ही टेबलं आडोशाला रस्त्यात रचली गेली. दोन्हीकडून कधी कधी अंधारलेल्या जिन्यात धर्मपुत्र येत, पाणी पीत, "नुने, दाराशी उभे राहू नका" असं दरडावून जात. तो एव्हान्थियाला लिहीत राहिला. न्यायला गलबत नव्हतं, म्हणून पत्रं टेबलावर साठत गेली आणि 'विनंती'खाली तो आता काहीच लिहीत नसे. रिकाम्या स्वयंपाकघरातून जाताना एकदा तो स्वतःशीच "आहे गं" म्हणाला आणि आपल्याच आवाजाने दचकला.

जानेवारीत तोफा थांबल्या. मग कोर्टं सुरू झाली आणि त्याला श्वास घ्यायला उसंत मिळाली नाही. एका धर्मपुत्राला सोडवलं, दुसऱ्याची शिक्षा कमी करून घेतली, पोलिसातल्याला पुरलं. शहरातच राहणाऱ्या त्याच्या आईला बातमी सांगायला तोच गेला.

मार्चमध्ये लाम्ब्रोस जिना चढून आला. चीज, अंजिरं आणि पाकीट टेबलावर ठेवून म्हणाला, "परवा सकाळी निघतोय. बाईसाहेबांनी सांगितलंय, एकटा परत आलास तर धक्क्याला लागू देणार नाही."

"याकोव्होस," एव्हान्थियाने लिहिलं होतं, "तुझ्याच पद्धतीने लिहिते, म्हणजे तुझ्या डोक्यात शिरेल. वस्तुस्थिती: जावयाला पोरीच्या बापाने समुद्रात टाकलं नाही, जाळी विणायला बसवलं आहे. वाईट विणतो. मेलिसिनोसची विधवा माझ्याकडे केक घेऊन आली होती. आपल्या नवऱ्याने गुपचूप एवढं पुण्य केलं हे ऐकून ढसाढसा रडली. मी केक खाल्ला, काय करणार? पोरगी उतरली तेव्हा धक्क्यावर माणसं होती, म्हणून दोघी शहाण्यासारख्या वागलो. घरी आल्यावर दार लावलं आणि मग काय रडलो ते रडलो. कारणे: पोलिक्सेनीला दिवस गेले आहेत. लग्नात मुकुट तू बदललेस, म्हणजे पहिलं पोर कुंडातून उचलायचा हक्क तुझाच. हे पापा-सिदेरिसही नाकारणार नाही. आणि वकिलाला मी कायदा सांगावा का? पोराचा नुने तो सगळ्या घराचा नुने. पोराला बोलता येईपर्यंत त्याच्या वतीने आई-बापच हाक मारतात. यात कुठला बिशप काय मोडणार ते मला दाखव. विनंती: पुढच्या गलबताने येऊ नये. याच गलबताने यावे."

याकोव्होसने पत्र दोनदा वाचलं. मग सवयीने कागद ओढला, तारीख घातली, 'वस्तुस्थिती' लिहिलं आणि थांबला. उन्हाळ्यापर्यंतच्या तारखा त्याने डोळ्यांपुढून नेल्या. दहा दिवस कुणी फासावर जात नव्हतं. त्याने दौतीचं झाकण लावलं आणि कपाटावरची बॅग काढली. न पाठवलेली सगळी पत्रं तिच्यात भरली, वर एक सदरा.

नाक्सोसच्या धक्क्यावर वारा होता. एव्हान्थिया काळी शाल आवळून पुढे उभी होती, मागे स्त्रातिस, त्याच्या हातात जाळ्याचा गुंता. गलबत अजून दोर टाकत होतं तोच पोलिक्सेनी सगळ्यांना बाजूला सारत कडेला आली आणि वाऱ्यावर आवाज चढवून ओरडली, "नुने! नुने, आलात ना?"

सबंध धक्का वळून बघायला लागला.

"अगं, हळू!" लाम्ब्रोस सुकाणू सोडून ओरडला. "पापाने मला मुद्दाम बजावलंय लक्ष ठेवायला!"

"मी कुठे काय बोलले?" पोलिक्सेनीने पोटावर हात ठेवला. "हे बाळ बोललं. मी आपली त्याच्या वतीने."

लाम्ब्रोसने डोकं खाजवलं आणि याकोव्होसकडे वळून विचारलं, "वकीलसाहेब, कायद्यात बसतं का हो हे?"

याकोव्होसने उत्तर द्यायला तोंड उघडलं. एक मुद्दा सुचेना. चष्मा भिजला, टोपी वाऱ्याने नेली, तिकडेही त्याचं लक्ष गेलं नाही. तो नुसता मान हलवत राहिला, आणि कसाबसा म्हणाला, "आलो गं."

"बसतं, बसतं," एव्हान्थिया त्याच्या वतीने म्हणाली आणि त्याच्या हातातून बॅग काढून घेतली.